गुड फ्रायडेचं धुणं

सांडोर, वसई
शनिवार, ७ फेब्रुवारी २०२६

प्रिय फिलूबाय,

कोंबड्या तू सोडल्यास आणि मी चूल पेटवली. आयने आतून विचारलं, पाववाला आला का, आणि तो अजून आला नव्हता. सेबेस्टियन पानं कापायला वाडीत गेला होता. तू अंगण झाडता झाडता चर्चचं गाणं म्हणत होतीस, नेहमीसारखं दुसऱ्या कडव्यापासून, कारण पहिलं कडवं तुला आवडायचं नाही. मग आपण दोघींनी केळीची पानं पुसली, मोजून गुंडाळ्या केल्या आणि खोडाच्या सोपटाने बांधल्या. तुझी गाठ सुटायची नाही, माझी सुटायची. प्रियलची वेणी तू घातलीस. मी तिच्या डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी भरली. तेव्हा साडेसात वाजले होते.

पत्र असं मध्येच सुरू केलं म्हणून रागावू नकोस. नीट सुरुवात करायला बसले की नऊ वर्षं आडवी येतात. तू खुशाल असशील अशी आशा करते. होस्टेलच्या मुली फार छळत नाहीत ना? जव्हारला यंदा थंडी कडक होती असं ऐकलं. गुडघ्यांना लोकरीचं काहीतरी बांधत जा. आम्ही बऱ्या आहोत. प्रियलला वसई रोडला दातांच्या डॉक्टरांकडे काम मिळालं. मागच्या अंगणातला फणस गेल्या पावसात पडला. पंप दोनदा जळला, आता नवा बसवला आहे.

वरची सकाळ मी नोव्हेंबरमध्ये लिहिली. साधाच कुठला तरी जुना मंगळवार होता. ती का लिहिली ते सांगायला हवं.

प्रियलने माझं नाव एका कार्यशाळेत घातलं. कादंबरी लिहायला शिकवणारी कार्यशाळा. हसू नकोस. बारा आठवडे, शनिवार आणि रविवार दहा ते पाच, वसईतल्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. मधल्या दिवसांत रोज पाचशे शब्द लिहायचे आणि सकाळी नऊच्या आत ग्रुपवर टाकायचे. चुकलं की नावापुढे लाल खूण. शेवटच्या दिवशी प्रकाशनांची माणसं येणार आणि त्यांना रुचेल ती कादंबरी छापणार. फॉर्मवर शिक्षण विचारलं होतं. प्रियलने लिहिलं, सातवी, वाचन भरपूर. ते वाचन कोणामुळे झालं हे लिहायला फॉर्मवर जागा नव्हती.

मी लग्न होऊन आले तेव्हा मोगऱ्याच्या पुड्या बांधायचे वर्तमानपत्राचे तुकडे वाचत बसायची. अर्धी बातमी, अर्धी जाहिरात, काहीही. तू आयला म्हणाली होतीस, ही बाई पुड्या बांधते कमी आणि वाचते जास्त, हिला एकदाचं पुस्तक द्या. वाचनालयाचं कार्ड तू तुझ्या नावावर काढलंस. पुस्तकं मी वाचली. तिथल्या बाईंना बरीच वर्षं वाटत होतं की फिलोमिना म्हणजे मीच.

आम्ही चौदा जण होतो. शिकवणारे रामनाथ सर सत्तरीचे, आयुष्यभर दुसऱ्यांच्या कादंबऱ्या दुरुस्त करत आलेले. आवाज मऊ आणि पेन कडक. चंदनसारचे आत्मारामकाका होते, नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला सूर्य उगवायचा. तिसऱ्या आठवड्यात सर त्यांना म्हणाले, आत्मारामजी, त्याला एक दिवस सुट्टी द्या. काकांनी पुढच्या प्रकरणात ढगाळ हवा ठेवली. वटारची नेहल होती, आपल्यातलीच, कॉलेज नुकतंच संपवलेली. ती मला काकू म्हणायची आणि माझ्या डब्यातलं लोणचं संपवायची.

पहिला धडा होता, एक साधी सकाळ लिहा. कोण कुठे होतं, कोणाच्या हातात काय होतं, किती वाजले होते. सजावट नको, रडणं नको. मी तो मंगळवार लिहून नेला. सरांनी तो सगळ्यांना वाचून दाखवला आणि म्हणाले, या बाईंना सोपटाची गाठ आठवते, त्या कादंबरी लिहू शकतील. फिलूबाय, त्या दिवशी मी घरी येताना दोनदा चुकीच्या रिक्षात बसले.

मग मी आपल्याच घराची गोष्ट लिहायला घेतली. माणसांची नावं बदलली. गाव बदलला नाही, दुसरा गाव मला येत नाही. सकाळी वाडीत पाणी सोडायचं आणि पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसून लिहायचं. एका आळ्यातून पाणी दुसऱ्या आळ्यात जाईपर्यंत एक परिच्छेद व्हायचा. एकदा लिहिण्याच्या नादात पाणी शेजाऱ्यांच्या भेंडीत गेलं आणि ते दोन दिवस बोलले नाहीत. पण लाल खूण माझ्या नावापुढे एकदाही लागली नाही.

थांब, दूध उतू जातंय बहुतेक.

दूध नव्हतंच ठेवलं. आले परत.

नववं प्रकरण त्या सकाळचं होतं. ते टाळून पुढे जाता येईना, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं होतं. मी लिहिलं ते असं: गुड फ्रायडेची सकाळ. नवऱ्याच्या छातीत जळजळ. बायको विहिरीवर धुणं धूत होती. घरात नणंद आहे असं तिला वाटलं होतं. पण नणंद चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला निघून गेली होती. बायको परत आली तेव्हा उशीर झाला होता.

हेच नऊ वर्षं गाव म्हणत आलाय. मला वाटलं, तेच तर उतरवायचं आहे.

वर्गात मी ते मोठ्याने वाचलं. संपल्यावर सरांनी विचारलं की धुणं कुठलं होतं. मला प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, कपडे कोणाचे होते, चादर होती की साडी, साबण कुठला होता, विहिरीवर आणखी कोण होतं. मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. सर म्हणाले, "बाई, मंगळवारच्या सकाळी तुम्ही तिथे आहात. या सकाळी तुम्ही विहिरीवर नाही आहात. बघा जरा, कुठे आहात."

मी वहीत बघत होते. तेवढ्यात नेहल, मला मदत करायची म्हणून, बोलली, "काकू, आणि गुड फ्रायडेला धुणं कोण काढतं? माझी आजी तर त्या दिवशी झाडूसुद्धा लपवून ठेवते."

आत्मारामकाकांनी कुतूहलाने विचारलं, तुमच्यात असं असतं का. नेहलने त्यांना सांगितलं की त्या दिवशी आपल्यात धुणं नाही, चर्चची घंटा नाही. गुरुवारपासून ईस्टरपर्यंत घंटा बंद असते, तिच्याऐवजी लाकूड वाजवतात. काका म्हणाले, हे घाला की प्रकरणात, रंगत येईल. सगळे हसले. मीही हसले. एक शब्द बदलला की झालं, असं सगळ्यांना वाटत होतं. दुपारच्या सुट्टीत मी डबा उघडला नाही आणि नेहलने तीनदा विचारलं, लोणचं नाही आणलं का.

फिलूबाय, पुढचं तुला माहीत आहे. पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

आदल्या संध्याकाळपासून सेबेस्टियनच्या छातीत जळजळत होतं. उपास होता, गुरुवारची लांब उपासना झाली होती, आपल्याला सगळ्यांना पित्तच वाटलं. शुक्रवारी सकाळी आय प्रियलला घेऊन आळीतल्या कॉन्रॅडकाकांकडे गेली. तुला सरावाला जायचं होतं आणि तुझा पाय निघत नव्हता. तू दारातून दोनदा परत फिरलीस. त्याच्या कपाळाला हात लावून बघितलंस. मी म्हणाले, "जा तू. मी आहे घरात."

तुला घालवण्यात माझा स्वार्थ होता. पुस्तकाची शेवटची तीस-बत्तीस पानं उरली होती. घर रिकामं असलं की मला वाचता यायचं, हे तुझ्याएवढं कोणाला ठाऊक नाही. मी मागच्या पडवीत बसले. थोड्या वेळाने त्याने हाक मारली, "तेरेज, पानी दे." मी म्हटलं, आले. त्याने पुन्हा हाक मारली नाही. मला वाटलं, डोळा लागला. मी पुस्तक पूर्ण वाचलं. शेवटचं पान झाल्यावर ते मिटून मांडीवर ठेवलं आणि थोडा वेळ नुसती बसले, चांगलं पुस्तक संपल्यावर बसतो तशी. मग पाणी घेऊन आत गेले.

तो खाटेवरून निम्मा खाली आला होता. हात माठाच्या दिशेने होता.

आरडाओरडा मीच केला असेन, मला आठवत नाही. बाया जमल्या, आय आली. कोणीतरी विचारलं, तू कुठे होतीस गं. सकाळी कुठे होतीस असं मला कोणीही, कधीही विचारलं तर माझं उत्तर एकच असायचं. तेच तोंडातून निघालं. विहिरीवर, धुणं धूत होते. मग विचारलं, घरात कोण होतं. तेव्हा मी म्हणाले, मला वाटलं फिलू आहे.

पहिलं वाक्य तोंडातून निसटलं. दुसरं नाही. दुसरं मी म्हणाले.

त्या दिवशी घंटा वाजत नाही, मेलेल्यासाठीसुद्धा नाही. त्यामुळे बातमी माणसांनी घरोघर नेली, आणि बातमीला लागून माझं वाक्य गेलं. तू सराव सोडून धावत येईपर्यंत ते सगळ्या आळीत पोचलं होतं. आय तुला अंगणातच म्हणाली, "भावाला मरायला टाकून गाणी म्हणत होतीस?" तू माझ्याकडे बघितलंस. एकदाच. मी मान खाली घातली आणि रडायला लागले, आणि ते रडणं खोटं नव्हतं म्हणून सगळं खपून गेलं.

शनिवारी माती झाली, मिस्सेच्या प्रार्थनेविना, त्या दिवशी ती होत नाही. कॉन्रॅडकाकांनी तुझ्याकडे पाठ केली. महिन्याच्या मिस्सेनंतर तू पेटी घेऊन जव्हारला गेलीस. सहा वर्षांनी आय गेली तेव्हा आलीस, मागच्या बाकावर बसलीस, माती दिलीस आणि घरात पाऊल न ठेवता परत गेलीस. मी तुझ्यासाठी ताट वाढून ठेवलं होतं. ते ताट मी का वाढलं ते मला विचारू नकोस.

नेहल बोलल्यापासून माझं डोकं एका जागी राहत नाही. त्या दिवशी अंगणात वीस-पंचवीस बाया होत्या. गुड फ्रायडे आहे हे प्रत्येकीला माहीत होतं. दोरीवर एक कपडा वाळत नव्हता. एकीलाही खटकलं नाही? की खटकलं आणि नुकत्याच विधवा झालेल्या बाईला कोणी विचारलं नाही? आणि आय? आय तर साबणाची वडी किती झिजली ते बघून सांगायची की किती कपडे धुतले. तिला कळलं असेल तर तिने मुलीला घालवलं आणि सुनेला ठेवलं, ते कशासाठी? नातीसाठी? वाडीत हात हवा म्हणून? हे मनात आलं की मी हातातलं काम टाकून अंगणात जाते. तिथे काही काम नसतं. परत येते. दिवसातून सहा-सात वेळा असं होतं. प्रियल म्हणते, आई, तू बस ना जरा.

दहाव्या आठवड्यात मी प्रकरण पुन्हा लिहिलं. विहीर काढून टाकली, पडवी घातली. नऊला दहा मिनिटं असताना ग्रुपवर टाकलं. एरवी लगेच अंगठे आणि फुलं येतात, त्या दिवशी कोणी काही टाकलं नाही. अकरा वाजता सरांचा फोन आला. प्रकरणाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की हे जिला आधी कळायला हवं तिला कळलं आहे का. मी म्हणाले, तिला माहीत आहे. ते खरं होतं. सरांनी विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं, हेही मला कळत होतं.

एकतीस जानेवारीला प्रकाशनांची माणसं आली. प्रत्येकाला दहा मिनिटं. पुण्याच्या अश्लेषाबाई म्हणून एक संपादक होत्या. त्यांनी माझी तीन प्रकरणं नेली आणि मंगळवारी पूर्ण वहीची झेरॉक्स मागवली. गुरुवारी फोन आला. त्यांना कादंबरी हवी आहे. येत्या सोमवारी पक्की प्रत दिली तर या वर्षीच्या यादीत घेतील. फिलूबाय, मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा मनात आलं की हे फिलूला सांगायला हवं. मग आठवलं.

पण बाईंनी एक अट घातली. त्या म्हणाल्या, "नणंद गप्प का राहते? एका वाक्यात ती सुटली असती. ते कारण लिहा, नाहीतर वाचक तिच्यावर विश्वास ठेवणार नाही." सर म्हणाले, तिच्या मनात शिरा, कल्पना करा, लेखकाचं कामच ते. दोन दिवसांत मी तीनदा शिरले. पहिल्यांदा तुला क्षमाशील केलं. वाचून बघितलं तर ती तू नव्हतीस, चर्चमधली मूर्ती होती. दुसऱ्यांदा तुला घाबरवलं. पण विहिरीत पाइप टाकायला आलेल्या टँकरवाल्याला झाडणी घेऊन रस्त्यापर्यंत पळवणारी तू, तू कोणाला घाबरशील? तिसऱ्यांदा लिहिलं की तुला माझी इतकी किळस आली की माझ्याविरुद्ध बोलायलासुद्धा तुला तोंड उघडावंसं वाटलं नाही. तिन्हीत तेच सर्वांत चांगलं उतरलं. ते मी आधी फाडलं.

म्हणून तुला विचारायला हे पत्र लिहायला घेतलं. तू का बोलली नाहीस?

आता सुरुवातीपासून पुन्हा वाचून पाहिलं. नऊ वर्षांनी पहिलं पत्र, तेही मला एक प्रकरण कमी पडतंय म्हणून. तुझ्याकडून मी कार्ड घेतलं, तुझं घर घेतलं, आता तू का गप्प राहिलीस तेही मागायला बसले आहे. हे पत्र असं पाठवता येणार नाही. फाडताही येईना. इथेच ठेवते.

सोमवार, ९ फेब्रुवारी

पत्र टेबलावर उघडंच राहिलं आणि शनिवारी संध्याकाळी प्रियलने वाचलं. तिला ते कधीच माहीत नव्हतं. वाचून झाल्यावर म्हणाली, "आत्येने मला दरवर्षी वाढदिवसाला कार्ड पाठवलं आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही." बाकी ती तुला स्वतः लिहील म्हणाली आहे. मी तिला थांबवलं नाही आणि काय लिहायचं ते सांगितलंही नाही.

आज सकाळी अश्लेषाबाईंना फोन करून सांगितलं की पक्की प्रत येणार नाही. त्या म्हणाल्या, या वर्षीची यादी मग बंद होईल, पुढच्या वर्षीचं मी सांगू शकत नाही. मी म्हणाले, हो. सरांना कळवलं. सर म्हणाले, बरं. लिहीत राहा.

वही या पाकिटात आहे. गप्प राहण्याचं प्रकरण त्यात नाही. ते तुझं आहे आणि मी ते मागत नाही. वाचावीशी वाटली तर वाच, नाहीतर होस्टेलच्या चुलीत घाल. त्याचं उत्तर पाठवायला हवं असं नाही. तू वाचल्याशिवाय ती आता आणखी कोणाच्या हातात जाणार नाही.

आता काल, रविवारी, काय केलं तेवढं सांगते आणि थांबते.

काल सातची मिस्सा सुटल्यावर मी कॉन्रॅडकाकांच्या ओट्यावर गेले. काका-काकी चहा घेत होते. मी उभी राहूनच सांगितलं की सेबेस्टियन गेला तेव्हा घरात मी होते, फिलूला मीच पाठवलं होतं, आणि त्याने पाणी मागितलं ते मी दिलं नाही. काकांनी विचारलं, हे तुझ्या पुस्तकासाठी चाललंय का. मी म्हणाले, नाही. काकी कप घेऊन आत गेल्या त्या बाहेर आल्या नाहीत. तिथून मी शेजारच्या घरी गेले, मग त्याच्या पुढच्या. काहींनी बसायला सांगितलं, काहींनी दार ओढून घेतलं. दुपारी बारापर्यंत आपल्या आळीतली सगळी घरं झाली.

त्या सकाळी घरात होती ती,
तेरेसा